खांदा किती मागे न्यायचा? हॉर्नेडीचा हेडस्पेस कम्पॅरेटर आणि रेडिंगचे कॉम्पिटिशन शेलहोल्डर

झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरून वापरायची, तर ती आधी प्रेसमध्ये सायझिंग डाय नावाच्या साच्यात दाबून मूळ आकाराला आणावी लागते. गळ्याखालचा उतरता भाग म्हणजे तिचा खांदा. बाटलीसारख्या गळ्याच्या रायफल काडतुसाचा सायझिंग डाय घेतला की त्यासोबत साधारण एकच सूचना येते. रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा दांडा) पूर्ण वर घ्या, डाय शेलहोल्डरला (रॅमवर पुंगळीचं बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकेपर्यंत फिरवत आणा, मग आणखी आठवा किंवा पाव फेरा खाली घ्या आणि लॉकरिंग (डाय जागी धरणारी कडी) आवळा. ही सूचना चुकीची नाही, पण ती तुमच्या रायफलसाठी लिहिलेली नाही. अशा सेटिंगमधून निघालेली पुंगळी त्या कॅलिबरच्या जवळपास कुठल्याही चेंबरमध्ये (रायफलीतल्या काडतुसाच्या जागेत) बसावी, इतकाच तिचा हेतू. तुमचं चेंबर थोडं लांब असेल तर हाच डाय दर खेपेला पुंगळीचा खांदा गरजेपेक्षा कितीतरी मागे ढकलतो आणि चार-पाच भरण्यांत चांगलं पितळ वाया जातं. म्हणून डाय कुठल्या कंपनीचा घ्यावा यावर डोकं शिणवण्याआधी मोजायचं साधन घ्यावं. इथे दोन वस्तूंबद्दल लिहितो: मोजण्यासाठी हॉर्नेडी लॉक-एन-लोड हेडस्पेस कम्पॅरेटर, आणि मोजलेला आकडा प्रेसवर टिकवण्यासाठी रेडिंगचा कॉम्पिटिशन शेलहोल्डर सेट. पहिली वस्तू प्रत्येकाकडे असायलाच हवी. दुसरी सगळ्यांना लागत नाही.

मापं इंचात आहेत, कारण या कामाची सगळी कोष्टकं इंचात असतात. इंचाच्या हजाराव्या भागाला वर्कशॉपमध्ये थाऊ म्हणतात, तोच शब्द इथे वापरला आहे. १ थाऊ म्हणजे ०.०२५४ मिमी.

आधी हेडस्पेस म्हणजे नेमकं काय ते पाहू. .३०८ विंचेस्टर, .२२३ रेमिंग्टन, ६.५ क्रीडमूर, .३०-०६ ही रिमलेस (बुडाला बाहेर आलेली कड नसलेली) काडतुसं चेंबरमध्ये खांद्यावर अडतात. बोल्टचा (चेंबर मागून बंद करणाऱ्या भागाचा) चेहरा आणि चेंबरच्या खांद्यावरचं एक ठरावीक वर्तुळ, या दोहोंतलं अंतर म्हणजे हेडस्पेस. खांदा उतरता असल्यामुळे ‘खांद्यापर्यंत’ एवढं म्हणून भागत नाही, वर्तुळाचा व्यास सांगावा लागतो. .३०८ आणि ६.५ क्रीडमूरसाठी तो ०.४०० इंच, .३०-०६ साठी ०.३७५ आणि .२२३ साठी ०.३३०. अमेरिकेतली स्पोर्टिंग आर्म्स अँड अ‍ॅम्युनिशन मॅन्युफॅक्चरर्स इन्स्टिट्यूट, म्हणजे सगळे जिला ‘सामी’ म्हणतात ती संस्था, या मापांच्या मर्यादा ठरवते. .३०८ चं चेंबर १.६३० ते १.६४० इंच असू शकतं. काडतूस १.६२७ ते १.६३४ असू शकतं. म्हणजे दोन्ही बाजू नियमात राहूनही १३ थाऊंपर्यंत मोकळी जागा पडू शकते. नव्या फॅक्टरी काडतुसाला एकदा ही जागा मिळाली तर बिघडत नाही. पुन्हा पुन्हा भरायच्या पुंगळीचं मात्र आयुष्य या जागेवरच ठरतं.

फायरिंग पिनचा ठोका बसला की काडतूस पुढे सरकतं आणि खांदा चेंबरच्या खांद्याला टेकतो. दाब वाढला की पुंगळीची पुढची पातळ भिंत फुगून चेंबरला घट्ट चिकटते आणि जागची हलत नाही. बूड मात्र जाड असतं, ते चिकटत नाही, दाबाने मागे सरकून बोल्टला जाऊन भिडतं. मागे राहिलेली मोकळी जागा भरून काढायला पितळ कुठून तरी ताणलं जायलाच हवं, आणि ते ताणलं जातं बुडाच्या भरीव भागाच्या लगेच वर, जिथे भिंत पातळ व्हायला लागते. आपण डायमध्ये खांदा परत मागे नेतो आणि पुढच्या फायरला तीच जागा पुन्हा ताणली जाते. काही फेऱ्यांनंतर तिथे आतून खाच पडते, बाहेरून एक चकचकीत वर्तुळाकार रेघ दिसते, आणि शेवटी पुंगळी तिथूनच तुटते. पुढचा भाग चेंबरमध्ये अडकून राहतो आणि गरम वायू मागे अ‍ॅक्शनकडे (बोल्टच्या यंत्रणेकडे) येऊ शकतो, म्हणजे नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेने.

ही खाच बाहेर दिसण्याआधी पकडता येते. जाड कागदी क्लिप सरळ करून तिच्या टोकाला काटकोनात दोन-तीन मिलिमीटरचा आकडा वाकवायचा आणि टोक घासून धारदार करायचं. तारेचं टोक पुंगळीच्या आत बुडापर्यंत नेऊन भिंतीला दाबत हळूहळू वर ओढायचं. चांगल्या पुंगळीत टोक गुळगुळीत वर येतं. खाच असेल तर बुडापासून थोडं वर ते स्पष्टपणे अडकतं. अडकलं की ती पुंगळी चिमट्याने चेपून टाकायची, म्हणजे चुकूनही परत ढिगात जाणार नाही. त्या ढिगातल्या, तितक्याच वेळा भरलेल्या बाकी पुंगळ्यांकडेही मग संशयानेच पाहायला हवं.

आता कम्पॅरेटरकडे वळू. सेटमध्ये व्हर्नियरच्या जबड्यावर बसणारी एक बॉडी आणि ०.३३०, ०.३५०, ०.३७५, ०.४०० आणि ०.४२० इंच भोकांची पाच बुशिंग (धातूच्या कड्या) असतात. बहुतेक प्रचलित रिमलेस कॅलिबर या पाचांत भागतात. बॉडी जबड्यावर सरकवून स्क्रूने आवळायची, हवं ते बुशिंग बसवायचं, जबडे मिटून व्हर्नियर शून्यावर आणायचा. मग पुंगळीचा खांदा बुशिंगच्या भोकात आणि बूड दुसऱ्या जबड्यावर टेकवून आकडा वाचायचा.

वाचायला सोपं आहे, पण आकडा बिघडवणाऱ्या गोष्टी इथेच दडलेल्या असतात. पहिली गोष्ट प्रायमर, म्हणजे बुडातली ठोक्याने पेटणारी टिकली. वापरलेला प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा थोडा जरी बाहेर आलेला असेल, किंवा पिनच्या ठोक्याभोवती कडा उचलली गेली असेल, तर जबडा बुडाला न टेकता प्रायमरला टेकतो आणि पुंगळी आहे त्यापेक्षा लांब दिसते. म्हणून मोजण्याआधी प्रायमर काढून टाकायचा, आणि तोही साध्या डीकॅपिंग डायने (जो फक्त प्रायमर बाहेर ढकलतो). सायझिंग डायमधून काढला तर जे मोजायचं तेच बदलून जातं. दुसरी गोष्ट बुडावरच्या खुणा. इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या दांड्याच्या) भोकात पितळ शिरून उमटलेला ठसा किंवा एक्स्ट्रॅक्टरने (पुंगळी मागे ओढणाऱ्या नखाने) उठवलेली कडा बोटाला जाणवत नाही, पण दोन-तीन थाऊंचा फरक सहज पाडते. तिसरी गोष्ट कोन. पुंगळी जरा तिरकी बसली की आकडा वाढतो. बोटांनी ती हलकेच फिरवत राहायचं आणि पुन्हा पुन्हा येणारा सगळ्यात लहान आकडा धरायचा. जबडा दरवेळी तितक्याच जोराने दाबायचा. काजळी किंवा वंगणाचा थर पुसून घ्यायचा.

या साधनाची एक मर्यादा नीट समजून घ्यायला हवी. ते तुलनेचं साधन आहे. .३०८ ची पुंगळी ०.४०० च्या बुशिंगमध्ये १.६२९ दाखवते म्हणून तिचं सामीच्या व्याख्येनुसारचं माप १.६२९ आहे असं समजू नये. बुशिंगच्या भोकाची कडा कशी आहे, बॉडी जबड्यावर कशी बसली आहे, यावर काही थाऊंचा फरक पडतो. दुसऱ्याच्या बुशिंगवर आलेला आकडा म्हणूनच आपल्या कामाचा नसतो. खरं माप हवं असेल तर त्या कॅलिबरचा गो गेज (चेंबरच्या किमान मापाचा पक्का नमुना) त्याच बुशिंगमध्ये मोजावा. .३०८ चा गो गेज १.६३० चा असतो. तुमच्या व्हर्नियरवर तो १.६२७ दिसला तर तुमच्या प्रत्येक आकड्यात ३ थाऊ मिळवायचे. पण पुंगळी सायझ करायला हा हिशोब लागतच नाही. आपल्या चेंबरमध्ये फायर झालेली पुंगळी आणि सायझ केलेली पुंगळी यांच्यातला फरक तेवढा हवा असतो, आणि तो हे साधन उत्तम दाखवतं.

व्हर्नियरच्या अचूकतेबद्दलही सांगायला हवं. बहुतेक डिजिटल व्हर्नियरची अचूकता १ थाऊच्या आसपासच असते, आणि आपण २ थाऊंचा फरक मोजायला निघालेलो असतो. तरीही हे जमतं, कारण तोच व्हर्नियर, तेच बुशिंग आणि तोच हात असला की चूक दोन्ही आकड्यांत सारखीच येते आणि वजाबाकीत निघून जाते. एका पुंगळीवर मात्र विसंबू नये. पाच मोजाव्यात.

पर्याय म्हणून आरसीबीएसचा प्रिसिजन माइक आहे. तो एकाच कॅलिबरसाठी बनतो आणि थाऊंचा फरक थेट दाखवतो. एकच रायफल भरणाऱ्याला तो आवडेल, पण तीन-चार कॅलिबर असतील तर प्रत्येकाचा वेगळा घ्यावा लागतो. एल. ई. विल्सनचा केस गेज वेगळ्या प्रकारचा. त्यात पुंगळी टाकायची आणि बूड दोन पायऱ्यांच्या मध्ये राहतं का ते पाहायचं. पुंगळी सामीच्या हद्दीत आहे की नाही हे तो लगेच सांगतो. तुमच्या चेंबरला ती किती सैल आहे ते मात्र सांगत नाही, कारण तुमचं चेंबर त्याला माहीत नसतं. ढीगभर पुंगळ्या झटपट तपासायला तो चांगला, डाय बसवायला कम्पॅरेटर बरा.

बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलसाठी खांदा फायर झालेल्या मापापेक्षा १ ते २ थाऊ मागे न्यावा. सेमी-ऑटोसाठी ३ ते ५. सेमी-ऑटोत बोल्ट फक्त स्प्रिंगच्या जोरावर बंद होतो, पुंगळी थोडी जरी घट्ट असली तरी तो पूर्ण लॉक होत नाही, म्हणून तिथे जास्त मोकळीक लागते आणि पितळाचं आयुष्य थोडं कमी होणार हे मान्यच करावं लागतं. काही सेमी-ऑटोंना बुडाजवळचा घेरही जास्त आवळणारा स्मॉल बेस डाय लागतो. खांदा बरोबर असूनही पुंगळी बुडाजवळ अडकत असेल तेव्हाच तो घ्यावा. उगीच घेतला तर पितळावर नाहक ताण येतो.

हे १-२ थाऊ कशातून वजा करायचे, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. एकदाच फायर झालेली पुंगळी चेंबर पूर्ण भरतेच असं नाही. दाबानंतर पितळ किंचित आक्रसतं. विशेषतः हलक्या लोडमध्ये (कमी दारूच्या भरणीत) खांदा पुढच्या टोकापर्यंत पोहोचलेलाच नसतो. अशा पुंगळीवरून डाय बसवला तर खांदा गरजेपेक्षा मागे जातो. दोन-तीनदा फायर झालेल्या पुंगळ्या मोजाव्यात, आणि त्यांतला सगळ्यात लांब आकडा ‘फायर माप’ म्हणून लिहून ठेवावा. त्याहून खात्रीची रीत म्हणजे बोल्टलाच विचारणं. बोल्टमधून फायरिंग पिनचा संच आणि इजेक्टर काढून टाकायचे. रिकाम्या चेंबरवर हँडल स्वतःच्या वजनाने खाली पडायला हवं. आता फायर झालेली, प्रायमर काढलेली पुंगळी घालून पाहा. हँडल वाटेत अडलं तर पुंगळी चेंबर भरते आहे. डाय थोडा थोडा खाली घेत सायझ करायचं, आणि हँडल जेमतेम मोकळं पडलं की थांबायचं. त्या पुंगळीचं कम्पॅरेटरवरचं माप हेच तुमचं लक्ष्य. पुढे बोल्ट पुन्हा जोडल्यावर तो बरोबर जोडला गेला आहे आणि सेफ्टी काम करते आहे, हे तपासल्याशिवाय रायफल हातातून खाली ठेवू नये.

डाय खाली घेताना एक गोष्ट अनेकांना चक्रावून टाकते. डाय दोन फेरे वर ठेवून पुंगळी सायझ केली आणि मोजली, तर ती फायर झालेल्या मापापेक्षा लांब दिसते! मापात चूक नसते. डाय आधी पुंगळीचं पोट आवळतो, आणि दाबलेलं पितळ जायला पुढेच वाट असते, म्हणून खांदा काही थाऊ पुढे सरकतो. डाय आणखी खाली आणला की त्याचा खांदा पुंगळीच्या खांद्याला भिडतो आणि तेव्हा कुठे माप कमी व्हायला लागतं. अर्धवट सायझ केलेली पुंगळी बोल्टला आधीपेक्षा घट्ट लागते ती यामुळेच. इथे घाबरून डाय एकदम अर्धा फेरा खाली घेऊ नये.

किती फिरवायचं याचा हिशोब सोपा आहे. डायचे आटे ७/८-१४ चे, म्हणजे इंचात १४. एक पूर्ण फेरा म्हणजे सुमारे ७१ थाऊ, पाव फेरा म्हणजे १८, आणि एक थाऊ म्हणजे जेमतेम ५ अंश. डायच्या परिघावर मोजलं तर एक थाऊ साधारण एक मिलिमीटर होतो. लॉकरिंग आणि प्रेसच्या माथ्यावर समोरासमोर मार्करने रेघ मारली की हा मिलिमीटर डोळ्यांना दिसतो. लॉकरिंग आवळताना डाय आट्यांमध्ये किंचित हलतो, त्यामुळे आवळून झाल्यावर पुन्हा एक पुंगळी सायझ करून मोजायलाच हवी.

रेडिंगच्या सेटची गरज इथून सुरू होते. खांदा हवा तितकाच मागे नेण्यासाठी डाय शेलहोल्डरपासून थोडा वर ठेवला, की रॅम वरच्या टोकाला डायला न टेकता थांबतो. मग पुंगळी किती आत जाईल हे प्रेस किती लवते यावर अवलंबून राहतं. कडक पुंगळी आली, वंगण कमी पडलं, की प्रेस थोडा जास्त लवतो आणि खांदा कमी मागे जातो. मऊ पुंगळीत उलट होतं. एकाच बैठकीत दोन-तीन थाऊंचा विस्कळीतपणा यातून येतो. डाय शेलहोल्डरला घट्ट टेकत असेल तर ही लवचीक जागाच बंद होते.

साध्या शेलहोल्डरमध्ये बूड जिथे टेकतं तिथपासून होल्डरच्या माथ्यापर्यंत ०.१२५ इंच अंतर असतं. रेडिंगच्या सेटमधले पाच होल्डर या अंतराला २, ४, ६, ८ आणि १० थाऊ जास्त ठेवून बनवलेले आहेत आणि तसे आकडे त्यांच्यावर कोरलेले असतात. अंतर वाढलं की डाय होल्डरला टेकूनही पुंगळी तितकीच कमी आत जाते. +१० च्या होल्डरने सुरुवात करायची, डाय घट्ट टेकवायचा, एक पुंगळी सायझ करायची, मोजायची. खांदा लक्ष्यापर्यंत गेला नसेल तर +८, मग +६. होल्डर बदलला की डाय टेकतो का ते पुन्हा पाहायचं. .३०८, .३०-०६ आणि ६.५ क्रीडमूरला रेडिंगचा १ नंबर चालतो, .२२३ ला १० नंबर. हे +१० च्या १० शी गल्लत करू नये, एक होल्डरचा नंबर आहे आणि दुसरा उंचीचा फरक.

टेकला की नाही हे रिकाम्या प्रेसवर पाहून उपयोग नाही. वंगण लावलेली पुंगळी होल्डरमध्ये घालून रॅम पूर्ण वर घ्या आणि डाय व होल्डरच्या मधल्या फटीकडे पलीकडून प्रकाश टाकून पाहा. रिकामा असताना टेकलेला डाय पुंगळीच्या ताणाखाली केसभर उचलला जातो आणि प्रकाशाची बारीक रेघ दिसते. ती रेघ नाहीशी होईपर्यंत डाय खाली घ्यायचा. त्यापलीकडे घेऊन लिव्हरवर लटकण्याची गरज नाही, त्याने प्रेसच्या सांध्यांची झीज होते.

सेटचं काम चोख आहे. डाय काढून परत लावला, दुसऱ्या कॅलिबरवर जाऊन आलात, तरी नोंदवहीत ‘+४’ एवढं लिहिलेलं पुरतं आणि माप लगेच परत येतं. कमीपणा दोन ठिकाणी आहे. पायरी २ थाऊंची असल्यामुळे मधलं माप या रीतीने मिळत नाही. +४ ने खांदा ३ थाऊ मागे जातो आणि +६ ने १, असं झालं तर २ हवेच असणाऱ्याला निवड करावीच लागते. अशा वेळी बोल्ट मोकळा पडत असेल तर कमी मागे नेणारा होल्डर घ्यावा. दुसरा कमीपणा म्हणजे हे होल्डर पुंगळी फक्त कमी सायझ करू शकतात. चेंबर अगदी आखूड असेल आणि साध्या होल्डरनेही खांदा पुरेसा मागे जात नसेल, तर या सेटचा काहीच उपयोग नाही. तिथे डाय आणि चेंबर जुळत नाहीत हेच खरं कारण, आणि डाय बदलणं हाच नीट उपाय. होल्डरचा माथा घासून आखूड करणारे लोक आहेत, पण तसा होल्डर उद्या दुसऱ्या रायफलच्या कामात मिसळला तर खांदा नकळत फार मागे जातो.

कमी खर्चात हेच साधायचं असेल तर फीलर गेजची (ठरावीक जाडीची धातूची) पानं वापरता येतात. रॅम वर असताना डाय आणि होल्डरमध्ये ४ थाऊंचं पान ठेवून डाय बसवायचा, मोजायचं, पान बदलायचं. सेटिंग परत मिळवायला ही रीत छान आहे, पण घट्ट टेकण्याचा फायदा तिच्यात नाही. डायच्या लॉकरिंगखाली घालायच्या पातळ शिमही मिळतात, त्यांचंही तसंच.

इतकं करूनही माप विखुरलेलं येत असेल, समजा दहा पुंगळ्यांत चार-पाच थाऊंचा फरक, तर डाय हलवत बसू नका. दोष बहुधा वंगणात, पितळात किंवा एक्स्पांडरमध्ये (डायमधल्या, गळा आतून रुंद करणाऱ्या बॉलमध्ये) असतो.

वंगण सगळ्या पुंगळ्यांना सारखं लागलेलं असावं. फवाऱ्याचं असेल तर त्यातला द्रव उडून जाईपर्यंत थांबावं, ओलं असताना सायझ केल्यामुळेच बऱ्याच पुंगळ्या डायमध्ये अडकतात. इम्पीरियल सायझिंग वॅक्ससारखं मेण बोटावर अगदी थोडं घेऊन पोटाला चोळलं की भागतं. खांद्यावर मात्र लावू नये, तिथे साठलेल्या वंगणाला जायला जागा नसते आणि खांद्यात खळगे पडतात. पुंगळी अडकलीच तर लिव्हरला लोंबकळू नये. डीकॅपिंग पिन वर घेऊन बुडात भोक पाडायचं, १/४-२० चा टॅप मारून आत आटे पाडायचे आणि बोल्टने ओढून काढायची. हे किट तयार मिळतं.

एक्स्पांडर बॉल हा छुपा गुन्हेगार आहे. पुंगळी खाली येताना तो गळ्याच्या आतून ओढला जातो. गळा आतून कोरडा असेल तर बॉल गळ्यासोबत खांदाही पुढे खेचतो आणि मेहनतीने मागे नेलेले २ थाऊ परत येतात. ओळखायला सोपं आहे: डीकॅपिंग दांडा (बॉल त्याच्यावरच असतो) काढून तीन पुंगळ्या सायझ करा, दांडा लावून तीन करा, आणि दोन्ही मोजा. फरक दिसला तर गळ्याच्या आत ब्रशने कोरडं ग्राफाइट किंवा अभ्रकाची पूड लावा, नाहीतर बॉल काढून टाकून बुशिंग डाय (गळा बदलता येणाऱ्या कडीने आवळणारा) आणि वेगळा मँड्रेल (गळा रुंद करणारी दांडी) वापरा.

पितळ दर फायरला आणि दर सायझिंगला कडक होत जातं. कडक खांदा डायमधून निघाल्यावर जास्त उसळी घेऊन पुढे येतो. म्हणून पहिल्यांदा भरलेल्या आणि पाचव्यांदा भरलेल्या पुंगळ्या एका सेटिंगवर सारख्या निघत नाहीत. कंपनीनुसार आणि भरण्याच्या खेपेनुसार ढीग वेगळे ठेवावेत. गळा आणि खांदा तापवून मऊ करणं, म्हणजे अ‍ॅनीलिंग, हा खरा उपाय. पण उष्णता बुडापर्यंत कधीही जाऊ देऊ नये. बूड मऊ पडलेली पुंगळी दाब सांभाळू शकत नाही आणि ती थेट भंगारात जायला हवी. अ‍ॅनीलिंगची सोय नसेल तर रॅम वर गेल्यावर दोन-तीन सेकंद तिथेच धरून ठेवा. या थांबण्याने उसळी कमी होते आणि माप बरंच जवळ येतं.

लांबी कापायची ती सायझिंगनंतरच, कारण सायझिंगमध्ये पितळ गळ्याकडे वाहतं. .३०८ ची जास्तीत जास्त लांबी २.०१५ आणि कापायची २.००५. .२२३ ची १.७६० आणि १.७५०. गळा लांब राहिला तर चेंबरच्या टोकाला दाबला जाऊन गोळीला पकडतो आणि दाब धोकादायक वाढतो. बोल्ट जड बंद होत असेल तेव्हा दोष खांद्याला देण्याआधी ही लांबी मोजून घ्यावी.

वरचं सगळं खांद्यावर अडणाऱ्या काडतुसांबद्दल आहे. .३०३ ब्रिटिश रिमवर अडतं आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम बुडाजवळच्या उंच पट्ट्यावर, निदान कागदावर तरी. पण भरणाऱ्याने दोन्हींत खांद्यावरच हिशोब ठेवावा. पट्ट्याच्या काडतुसांत चेंबरचा खांदा बराच पुढे असतो, आणि डाय टेकवून सायझ केलं तर ही पितळं दोन-तीन भरण्यांतच बुडाजवळ तुटायला लागतात. हेडस्पेस कम्पॅरेटर सगळ्यात जास्त पितळ वाचवतो ते इथे.

एकाच कॅलिबरच्या दोन रायफली असतील तर दोन फायर मापं, दोन डबे आणि दोन होल्डर नंबर ठेवावेत. पुंगळ्या मिसळायच्याच असतील तर आखूड चेंबरच्या मापाने सायझ करावं आणि लांब चेंबरमधल्या पितळाला तारेचा आकडा जरा जास्त वेळा लावावा.

प्रोग्रेसिव्ह प्रेसवर (जो एका ओढीत अनेक पुंगळ्यांवर काम करतो) भरणाऱ्यांनी रेडिंगचा सेट घेऊ नये. तिथे शेलहोल्डरच्या जागी शेलप्लेट असते आणि हे होल्डर तिच्यात बसतच नाहीत. कम्पॅरेटर मात्र त्यांनाही हवाच, कारण प्लेटच्या सगळ्या जागा भरलेल्या असताना ती जितकी लवते, तितकी एकाच पुंगळीवर लवत नाही. डाय एका पुंगळीवर बसवला तर प्रत्यक्ष कामात खांदा कमी मागे जातो. तिथे सगळ्या जागा भरून, लिव्हर नेहमीच्या लयीत चालवून निघालेल्या पुंगळ्या मोजूनच डाय पक्का करावा.